साक्ष फक्त जिंकलेल्यांचीच का?

मराठी मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू आणि पंच यांस,



हे पत्र साक्षीसाठी राखून ठेवलेल्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही मिनिटे रविवारच्या उपासनेत असतात, उपवास-प्रार्थनेत आणि संजीवन सभांत तर हमखास असतात. कॅथलिक धर्मग्रामांत मिस्सेमध्ये त्यांना जागा नाही, पण आठवड्यातल्या प्रार्थनासभांत आहे. तेव्हा उभे कोण राहते हे तुम्हाला सांगायला नको. ज्याला कायमची नोकरी लागली, जिचा परदेशाचा व्हिसा आला, ज्याच्या पोटातली गाठ साधी निघाली, ज्याच्या मुलीचे अडलेले लग्न जमले. निकालांच्या दिवसांत यात दहावी-बारावीचे गुणवंत येतात. त्यांना शाल आणि पवित्र शास्त्राची प्रत मिळते, फोटो निघतो. यातली प्रत्येक साक्ष खरी असते आणि देणाऱ्याचा आनंदही खरा असतो. माझी तक्रार एकाही साक्षीबद्दल नाही, त्यांच्या बेरजेबद्दल आहे. वर्षभर फक्त जमलेल्या गोष्टी ऐकणाऱ्याच्या मनात, कोणी न शिकवता, एक हिशेब पक्का होतो: देव ज्याच्यावर प्रसन्न, त्याचे काम होते. हा हिशेब उलटा करायला फार हुशारी लागत नाही. ज्याचे काम झाले नाही तो देवाच्या लेखी कुठेतरी कमी. बारावीला बसून उत्तीर्ण न झालेला मुलगा, स्पर्धा परीक्षांत वय निघून चाललेली मुलगी, मूल न झालेले जोडपे, नवऱ्याची दारू न सुटलेली बाई, ही सगळी त्या मिनिटांत बाकावर खाली मान घालून असतात. आपल्यापाशी उठून सांगण्याजोगे काही नाही असे त्यांना वाटते, आणि आपण त्यांना तसे वाटू दिले आहे.

माझे म्हणणे असे की हा हिशेब शुभवर्तमानात नाही. उलट शुभवर्तमानाने तो पुन्हा पुन्हा मोडला आहे. माणसाची किंमत आधी, त्याचे कर्तृत्व मागाहून, असा तिथला क्रम आहे. तो आपण व्यासपीठावरून उलटा वाचतो आहोत. चुकीचा उपदेश झाला तर कोणीतरी हटकते तरी. साक्षीला हटकणारे कोणी नसते, म्हणून ही चूक अधिक खोल जाते.

यार्देनेचा प्रसंग घ्या. बाप्तिस्मा घेऊन येशू पाण्यातून वर आला तेव्हा आकाशातून झालेली वाणी मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदवली आहे: हा पित्याचा लाडका पुत्र आणि पिता त्याच्यावर संतुष्ट आहे. ही वाणी केव्हा झाली ते पाहा. लूक सांगतो की येशू त्या वेळी सुमारे 30 वर्षांचा होता. तोवर त्याचा एकही चमत्कार सांगितलेला नाही, एकही दाखला नाही, एकही शिष्य नाही. गालीलातल्या एका नावलौकिक नसलेल्या गावात त्याची ओळख सुतार, सुताराचा मुलगा, एवढीच होती. या तिघांनी ही वाणी पहिल्यांदा पाच हजारांना जेवू घातल्यानंतर ठेवली असती तर आपल्या साक्षीच्या पद्धतीला मोठाच आधार मिळाला असता. त्यांनी ती आरंभी ठेवली. आणि लगेच पुढे अरण्यातली परीक्षा आहे. तिथे सैतानाची मागणी काय? तू पुत्र असलास तर सिद्ध करून दाखव, धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. म्हणजे नुकत्याच दिलेल्या नावाला निकालाचा पुरावा मागणारा जो पहिला आवाज शुभवर्तमानात ऐकू येतो, तो परीक्षा पाहणाऱ्याचा आहे. भाकरीत काही वाईट नव्हते. पुढे येशूने हजारोंना भाकरी दिलीच. पण ती लोक भुकेले होते म्हणून दिली, आपण कोण आहोत हे पटवण्यासाठी दिली नाही.

तो देवाचा पुत्र, त्याची गोष्ट आपल्याला कशी लागू, असे कोणी म्हणेल. तर पौलाने रोमकरांना आणि गलतीकरांना लिहिलेली पत्रे उघडावीत. ख्रिस्ताठायी आलेल्यांना दत्तक मुलाचा हक्क मिळाला, ते देवाला अब्बा म्हणू शकतात, असे तो म्हणतो, आणि दत्तकाला आधी गुणपत्रिका मागितल्याचे कुठे दिसत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही देवाच्या प्रतिरूपाचा उल्लेख आधी येतो आणि पृथ्वी सांभाळण्याचे काम मागाहून. त्या वर्णनात माणूस सहाव्या दिवशी घडतो, म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पुरता दिवस विसाव्याचा आहे. कामाचा आठवडा त्याच्यानंतर सुरू होतो.

किमतीविषयी येशू बोलला तेव्हा त्याने थेट बाजारभाव घेतला. मत्तयात दोन चिमण्यांचा भाव एक दमडी आहे. लूकमध्ये पाच चिमण्यांना दोन दमड्या. हा हिशेब जुळत नाही असे वरवर वाटते, पण बाजार माहीत असणाऱ्याला त्यातली गोम लगेच कळते: दोन जोड्या घेतल्या की पाचवी वरून फुकट. त्या काळची ही दमडी दीनाराचा सोळावा भाग, आणि दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. जिला एवढासुद्धा भाव उरला नाही ती पाचवी चिमणी. लूकमधला येशू म्हणतो की तिचाही देवाला विसर पडलेला नाही. तो चिमणीची बाजारातली किंमत वाढवून सांगत नाही. ती फुकट गेली हे तसेच राहू देतो आणि तिची नोंद दुसऱ्या वहीत आहे एवढेच सांगतो. आपल्या उत्तेजनपर संदेशांत नेमके याच्या उलटे घडते. तू खास आहेस, तुझ्यात अफाट ताकद आहे, उद्या तू शिखरावर असशील, असे तरुणांना सांगून आपण त्यांचा बाजारभाव वाढवायला बघतो. तीन महिन्यांनी भाव वाढलेला दिसला नाही की तो तरुण आपल्यावर आणि देवावर, दोघांवरही फसवणुकीचा आरोप ठेवतो. त्याचे फारसे चुकते असे मला वाटत नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले शेवटचे मजूर आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यांवर आजही दिसतात. दिवस मावळायला तासभर उरला असताना मळ्याचा धनी त्यांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात, आणि त्यांचे उत्तर असे की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. आळशी म्हणून ते उभे नव्हते. कोणी निवडले नाही म्हणून उभे होते. धनी त्यांना पुऱ्या दिवसाचा रोज देतो. हा अन्याय आहे ही तक्रार दाखल्यातच आहे, सकाळपासून राबलेले मजूर ती करतात, आणि येशू ती लपवत नाही. पण एक दीनार म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. उशिरा निवडल्या गेलेल्या माणसाच्या घरची भूक उशिरा लागत नाही. धनी कामाचे मोल करत नव्हता, माणसाची गरज पाहत होता. आपल्या सत्कार समारंभात मात्र सकाळच्या मजुरांचेच फोटो लागतात.

आता आक्षेपांकडे येतो, कारण तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात ते एव्हाना उभे राहिले असतील. पहिला आक्षेप शिकल्या-सवरल्या पाळकांचा. आत्मसन्मान ही या काळाची मानसशास्त्रीय चूष आहे, ख्रिस्ती माणसाने नम्र असावे, आपण पापी आहोत हे विसरू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. स्वतःच्या कौतुकाचे तुणतुणे दिवसभर वाजवणाऱ्या काळात पापांगीकार ही उपासनेतली फार मोलाची गोष्ट आहे. पण उधळ्या पुत्राचा दाखला एकदा बारकाईने वाचावा. परदेशात डुकरे चारताना तो मुलगा बापासमोर म्हणायची वाक्ये तयार करतो. त्यात दोन गोष्टी असतात: मी तुमचा मुलगा म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही, आणि मला चाकरांपैकी एक समजून ठेवा. बापाला भेटल्यावर तो पहिले वाक्य म्हणतो. दुसरे त्याच्या तोंडून येतच नाही, कारण तोवर बापाने झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितलेले असतात. पहिले वाक्य पश्चात्तापाचे होते, ते बापाने ऐकून घेतले. दुसरे सौद्याचे होते: राबून जागा कमावीन. त्याला बापाने अवसर दिला नाही. थोरला भाऊ अंगणात रुसून उभा आहे तोही सौद्याच्याच भाषेत बोलतो, इतकी वर्षे तुमची चाकरी केली आणि एक करडूही मिळाले नाही म्हणतो. एक मुलगा नालायक ठरला म्हणून चाकर व्हायला निघालेला, दुसरा लायक राहिला म्हणून चाकराची मजुरी मागणारा. बापाला दोघांतही चाकर नको आहे. म्हणून पापाची कबुली आणि स्वतःची किंमत यांत विरोध नाही. विरोध आहे तो कबुलीला सौदा करण्यात, आणि ‘मी नालायक’ हे शब्द ज्यांना घरात, शाळेत, गावात आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकावे लागले त्यांच्याकडून देवाच्या नावाने तेच पुन्हा वदवून घेण्यात.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. यशाच्या साक्षींनी लोकांना धीर येतो. त्या बंद केल्या तर मंडळीत उरेल काय, नुसते रडगाणे? बंद करा असे मी म्हणतच नाही. दहा कुष्ठरोग्यांपैकी जो एक परत येऊन आभार मानतो त्याचे येशूला कौतुक आहे, आणि आभार गिळून टाकणारी मंडळी निरोगी नव्हे. पण विश्वासाची सगळ्यात मोठी साक्षमाला जिथे आहे तो इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपण अर्ध्यावर का सोडतो? नोहा, अब्राहाम, मोशे, तांबडा समुद्र, यरीहोचे कोट, सिंहांची मिटलेली तोंडे इथपर्यंत संदेश रंगतो. पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर तो अध्याय वळतो, आणि तिथून पुढे छळ, चाबूक, बेड्या, दगडमार, करवतीने चिरलेली शरीरे, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकणारी माणसे आहेत. आणि शेवटी लेखक म्हणतो की या सगळ्यांच्याच विश्वासाविषयी चांगली साक्ष दिली गेली, तरी त्यांना वचनाचे फळ हाती लागले नाही. सिंहापासून वाचलेला आणि करवतीखाली गेलेला, दोघेही एकाच यादीत, एकाच मानाने. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, हे त्याने स्वतःच करिंथकरांना कळवले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी येणारे स्तुतीचे वळण त्यात नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकले नाही. आपल्या उपासनेत ते शेवटचे कधी वाचले गेले?

खचलेल्या माणसाशी कसे वागावे याचा नमुनाही शास्त्रात आहे, आणि तो बोलण्यापेक्षा करण्याचा आहे. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर जिंकला, साऱ्या देशासमोर जिंकला. म्हणजे साक्ष द्यायला त्याच्याइतका योग्य माणूस त्या दिवशी दुसरा नव्हता. त्यानंतर लगेच राणी ईजबेलीचा धमकीचा निरोप येतो आणि हाच माणूस जीव घेऊन पळतो, रानातल्या एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, मला मरण दे अशी प्रार्थना करतो. देवदूत त्याला कर्मेलाची आठवण करून देत नाही. तुझा विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो, आणि पल्ला लांबचा आहे एवढेच सांगतो. प्रश्न विचारण्याची वेळ येते ती पुढे होरेबावर, चाळीस दिवसांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला होता, विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांतही पहिलाच. त्यांत आपल्या बाकांवरची मुले नसतील असे समजण्याला काही आधार नाही. अशा वेळी ‘प्रार्थना कमी पडते’ हे वाक्य पाळकाच्या तोंडून जाणे धोक्याचे आहे. झोप, जेवण आणि सोबत हा एलीयाचा क्रम आहे, आज त्यात डॉक्टरही धरावा; वचन त्याच्यानंतर. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक सूचनाफलकावर, भगिनी मंडळाच्या वेळापत्रकाशेजारी, लावण्याने कोणाच्याही विश्वासाला बाधा येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो बहुधा मंडळीबाहेरून येतो. किंमत देवाकडून मिळालेलीच आहे असे गरिबाला सांगितले की तो आहे तिथेच समाधान मानून बसतो. धर्माची ही जुनी गुंगी आहे. याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा केडगावच्या मुक्ती मिशनकडे बोट दाखवावे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी, आजारी, टाकून दिलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या हाती काही कसब नव्हते, पुढे काय होणार याची हमी नव्हती; कित्येकींचे देह जगतील की नाही हीच शंका होती. मुक्तीत आधी त्यांना घर मिळाले, आणि मग काम: शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले गेले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये ते पुरे बायबल प्रसिद्ध झाले. किंमत आधी मानल्याने या बायका बसून राहिल्या नाहीत. कोणी किंमत मानली म्हणूनच त्या उठू शकल्या. आणि ज्या उठू शकल्या नाहीत, म्हाताऱ्या आणि अपंग, त्यांनाही तिथे जागा होती. केडगावच्या उदाहरणातली ही बाजू आपण फारशी सांगत नाही.

रमाबाईंचे स्वतःचे आयुष्य आपल्या साक्षीच्या साच्यात बसवून पाहा. आई, वडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेली. भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच 1882 मध्ये नवरा गेला. बाप्तिस्मा घेतल्यावर तरी सारे सुरळीत झाले का? बाप्तिस्मा घेतल्यावर तरी सारे सुरळीत झाले का? एकुलती एक मुलगी, मनोरमा, 1921 मध्ये आईच्या आधी गेली, आणि पुढल्या एप्रिलमध्ये रमाबाई. बाप्तिस्म्यानंतर दुःख संपले असे त्यांच्या बाबतीत कोणालाही म्हणता येणार नाही. आपण त्यांचा फोटो लावतो, संस्थांना त्यांचे नाव देतो, आणि ज्या आयुष्यात इतके काही हिरावले गेले तशा आयुष्याला रविवारी दोन मिनिटे देत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हीसुद्धा एक साक्षच आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने उरलेल्या महाराष्ट्राला दिलेली बहुधा सर्वांत मोठी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे ते लेखन. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या, आणि त्या मधल्या काळातला राग, संशय, विटाळाची भीती, माहेर-सासरच्या कात्रीत झालेली ओढाताण त्यांनी काहीच झाकले नाही. ख्रिस्ती झाल्यावरची पैशांची चणचण, नवऱ्याचा लहरी स्वभाव, घरात अचानक येऊन पडणारी माणसे, हेही सगळे आहे आणि त्यावर हसणेही आहे. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेले हे पुस्तक आजही वाचले जाते, कारण त्यात विश्वास रोजच्या भाजीभाकरीत, अपुऱ्या पगारात आणि भांडणांत मुरलेला दिसतो. लक्ष्मीबाई आज आपल्या एखाद्या सभेत साक्षीला उभ्या राहिल्या तर संचालक त्यांना मध्येच थांबवून ‘ताई, विजयाचे सांगा’ म्हणेल, अशी मला भीती आहे.

गुंगीच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये अहमदनगरला आले, आणि पुढच्या दशकांत त्या जिल्ह्यातल्या खेड्यांत ज्यांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ताचा मार्ग धरला ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतले होते. गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला कोणीतरी सांगितले की तू देवाच्या प्रतिरूपाचा आहेस. ते ऐकून तो हात जोडून स्वस्थ बसला नाही. त्याने मुले शाळेत घातली; कोणी शिक्षक झाला, कोणी परिचारिका झाली, कोणी पाळक झाला. आणि आपल्या किमतीची जाण असलेला माणूस हक्कही मागतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हा प्रश्न कोर्टात आणि संसदेत सुटायचा आहे, व्यासपीठावरून नाही. पण मंडळीत आडनाव ऐकून खुर्ची पुढे-मागे होत असेल, सोयरीक जुळवताना जुनी जात पाहिली जात असेल, तर सरकारकडे न्याय मागताना आपला आवाज खालीच राहणार.

रोजच्या कामाविषयी थोडे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक जखमी माजी सैनिक स्वयंपाकघरात होता. त्याला ते काम मुळीच आवडत नसे. तरी प्रार्थनेच्या वेळी आणि भांड्यांच्या खडखडाटात देवाची सोबत त्याला सारखीच जाणवत असे. त्याची पत्रे त्याच्या मृत्यूनंतर एकत्र झाली आणि कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दोन्ही पंथांतले लोक ती आजही वाचतात. हे उदाहरण मात्र जपून वापरावे लागते, कारण आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या विश्वासाचे कौतुक फक्त बायकांच्या वाट्याला येते, तेही त्यांना स्वयंपाकघरातच ठेवण्यासाठी. नाताळच्या फराळापासून आभारप्रदर्शनाच्या सणाच्या जेवणापर्यंत ज्या राबतात त्यांचे आभार वार्षिक अहवालाच्या शेवटच्या ओळीत आणि पंचांच्या यादीत त्यांचे नाव नाही, असे असेल तर लॉरेन्सचे नाव न घेतलेले बरे. रिक्षा चालवणे, रुग्णालयात रात्रपाळी करणे, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे करणे, कंपनीने कमी केल्यावर रोज सकाळी उठून पुन्हा अर्ज करणे, हे सगळे विश्वासाचेच जगणे आहे. त्याला शेवट गोड असण्याची गरज नाही.

एक अडचण तुम्ही नक्की सांगाल, आणि ती रास्त आहे. मंडळी लहान असते, सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्या बाईने घरचे दुःख उभे राहून सांगितले की उपासना सुटायच्या आत ते बाहेर चपलांपाशी पोहोचलेले असते. म्हणून कोणावरही सक्ती नको, आणि दुःखाचे प्रदर्शन तर मुळीच नको. न सुटलेल्या प्रश्नांसाठी नाव न घेता मध्यस्थीची प्रार्थना करता येते. विलापाची स्तोत्रे ठरवून वाचता येतात. निकालानंतर सत्कार करायचा तर परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुलांना पुढे बोलावून एकच आशीर्वाद देता येतो, आणि शाली वाटायच्याच असतील तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. नापास झालेल्याच्या घरी त्याच आठवड्यात पाळकाची भेट व्हावी, पेढे घेऊन आलेल्यांच्या घरी जायला पुढचा आठवडा आहे. यातल्या एकाही गोष्टीला पंचांच्या सभेचा ठराव लागत नाही, फारसा खर्चही लागत नाही.

म्हणून विनंती एकच. येत्या रविवारी साक्षीसाठी नावे मागाल तेव्हा ‘प्रभूने कोणासाठी मोठे कार्य केले?’ एवढ्यावर थांबू नका. ज्यांची प्रार्थना अजून तशीच आहे आणि तरीही जे आज आले आहेत त्यांच्यापैकी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, हेही विचारा. पहिल्या रविवारी कोणी उठणार नाही. तरी दुसऱ्या रविवारी पुन्हा विचारा.

आपला नम्र,
मराठी मंडळीतील एक सभासद